मेपल मागितलं, कुसुम लावलं : नागपुरातल्या एका पश्चिममुखी अंगणाचं प्रकरण

दक्षिण नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमधला ५० बाय ८० फुटांचा प्लॉट. घर एकमजली, विटांच्या जाड भिंतींवर उभं, तोंड थेट पश्चिमेला. पुढे २२ फूट खोल अंगण, मग वॉल कंपाउंड, मग लेआउटचा आतला रस्ता. अंगणात एक वाढलेला गुलमोहर होता. मान्सूनच्या आधीच्या वादळात तो मुळासकट आडवा झाला. पडला रस्त्याच्या बाजूला, म्हणून घर वाचलं. पण पुढचा उन्हाळा त्या घराला उघड्यावर काढावा लागला. बैठकीची आणि तिच्या शेजारच्या बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दुपारी दोनपासून तापायला लागायची, ती रात्री झोपायच्या वेळेपर्यंत उष्णता सोडत राहायची. कूलर रात्रभर चालायचा आणि तरी खोली गार व्हायची नाही.

घरात दोघंच. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेतून. मुलगी अमेरिकेत, मिशिगनला. एका ऑक्टोबरात तिच्याकडे गेले असताना दोघांनी तिथली लाल-केशरी झाडं पाहिली आणि ती त्यांच्या मनात बसली. बागांचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय. गुलमोहराचा खड्डा बुजवून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. काका म्हणाले, "चार वाजता या भिंतीला हात लावून पाहा, तवा तापून राहिला नुसता." काकूंचं मागणं वेगळं होतं. "सावली तर पाहिजेच, पण झाड असं सांगा की वर्षातून एकदा तरी अख्खं लाल होईल. तिकडचं मेपल इथे होत नाही का?"

मेपल त्यांनी आधीच आणून पाहिलं होतं. ऑनलाइन मागवलेलं हातभर रोप कुंडीत हिवाळाभर बरं दिसलं. एप्रिलात पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि मे संपायच्या आत नुसती काडी उरली. "पाणी कमी पडलं असेल," असं काकूंना वाटत होतं. मला वाटतं, तसं वाटणं हेच या प्रकरणाचं मूळ आहे. रोजचं पाणी देऊनही ते झाड जगलं नसतं, आणि एखादं जगलंच असतं तरी लाल झालं नसतं. म्हणून झाडाचं नाव सुचवण्याआधी रंग कशामुळे येतो, हे मी दोघांना समजावून सांगितलं.

तिकडचा रंग कुठून येतो

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. त्याच्या आड पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं उन्हाळाभर असतातच, फक्त दिसत नाहीत. मिशिगनमध्ये जूनमध्ये दिवस पंधरा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरात नऊ तासांवर येतो. सप्टेंबरपासून दिवस झपाट्याने आखडायला लागला की झाड हिवाळ्याची तयारी सुरू करतं. हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं परत खोडाकडे ओढून घेतं, देठाशी पेशींचा एक पडदा तयार होतो आणि पान गळायला मोकळं होतं. हिरवा उतरला की खालचा पिवळा दिसतो. लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने बनतो. पानात अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन तयार होतं, आणि त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या जरा वर राहणारी थंडी ही जोडी लागते. रेड मेपल आणि शुगर मेपल या दोन झाडांचा लाल त्या हवेचा आहे.

नागपूर २१ अक्षांशावर. इथे वर्षातला सगळ्यात लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या पुढे असतो. डिसेंबरात दुपारी आपण स्वेटर काढून ठेवतो. रात्री कधीमधी पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, पण त्या रात्री मोजक्या. मेपलच्या कळ्यांना पुन्हा फुटण्यासाठी आठवडेच्या आठवडे कडक थंडी अंगावर घ्यावी लागते, ती इथे मिळत नाही. काश्मीरच्या चिनारचंही तेच. आणि मग आपला मे येतो. सरासरी कमाल तापमान ४२-४३, वाईट वर्षी ४७ अंश, आणि त्यावर कोरडा वारा. पातळ, रुंद पानाचं थंड प्रदेशातलं झाड त्या वाऱ्यात मुळांनी जेवढं पाणी ओढतं त्याहून जास्त पानांतून घालवतं.

आपल्याकडे पानगळ होते ती पाण्याच्या हिशेबाने. पाऊस ऑक्टोबरात परत फिरतो, काळी माती ओल धरून ठेवते, ती माघ-फाल्गुनापर्यंत संपत येते आणि तेव्हा विदर्भातलं शुष्क पानझडी जंगल पानं टाकतं. जाणारी पानं बहुतेक झाडांची नुसती पिवळी-तपकिरी होतात. पण त्यानंतर, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, पाऊस यायला तीन महिने असताना, ही झाडं नवी पानं काढतात, आणि कित्येकांची ती कोवळी पानं लाल असतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं आणि ऊन तर ऐन भरात असतं. अशा वेळी अँथोसायनिन त्या पानाला प्रखर उन्हापासून सांभाळतं. रंगद्रव्य तेच जे मेपलला लाल करतं. मिशिगनमध्ये ते पान जाताना येतं, नागपुरात पान येताना.

काकूंना हे पटायला वेळ लागला. लाल पान म्हणजे गळायला आलेलं, ही प्रतिमा पक्की होती. मी त्यांना आंब्याच्या पालवीची आठवण दिली, पिंपळाच्या गुलाबी-तांबूस पानांची दिली. ही तर रोजची पाहण्यातली.

अंगणाची पाहणी

या अंगणाची खरी परीक्षा १५ एप्रिल ते १५ जून या दोन महिन्यांत असते. त्या काळात झाडावर दाट पान नसेल तर ते कितीही सुंदर असलं तरी काकांच्या भिंतीच्या कामाचं नाही. त्यामुळे झाड निवडण्याचा माझा पहिला प्रश्न "रंग कोणता" हा नव्हता, "कोणत्या तारखांना हे झाड उघडं असतं" हा होता. दुर्दैवाने नर्सरीत हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि रोपाच्या पाटीवर त्याचं उत्तर नसतं.

दुसरा प्रश्न जागेचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्यानंतर तो सरळ पश्चिमेला उतरत नाही, जरा उत्तरेकडे कलत जातो. पाच वाजता तो पश्चिमेपासून सुमारे १५ अंश उत्तरेला असतो. डिसेंबरात चार वाजता हाच सूर्य पश्चिमेच्या चांगला ३५ अंश दक्षिणेला असतो. म्हणजे उन्हाळ्याचं ऊन अडवायचं झाड खिडकीच्या बरोबर समोर नको, थोडं वायव्येकडे हवं. आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात असं झाड हवं जे हिवाळ्यात पानं उतरवेल आणि पोर्चमध्ये ऊन येऊ देईल. थंडीत तिथे बसून पेपर वाचायची काकांची सवय आहे.

उंचीचा हिशेबही कागदावर मांडला. मेमध्ये चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असतो. भिंतीपासून १५ फुटांवर २५ फूट उंचीचं झाड असेल, तर त्याच्या शेंड्याची सावली भिंतीवर सुमारे १४ फुटांपर्यंत चढते, म्हणजे एकमजली घराची भिंत जवळजवळ पूर्ण झाकली जाते. पाच वाजता ऊन आणखी आडवं होतं. तेव्हा झाडाचा पसारा जमिनीपासून आठ फुटांवर सुरू होत असेल तर त्याच्या खालून येणारं ऊन भिंतीच्या तळाच्या दीड-दोन फुटांवरच पडतं. थोडक्यात, या घराला चाळीस-पन्नास फुटांच्या महाकाय झाडाची गरजच नव्हती. २५ फूट उंच, खाली मोकळं आणि वर दाट असं झाड योग्य जागी असलं की काम होतं.

विजेच्या तारा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. घरात येणारी सर्व्हिस वायर मधोमध, गेटवरून. गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची नळी, दक्षिणेच्या भिंतीलगत. कुदळ मारून पाहिलं तर वर अडीच फूट काळी माती आणि खाली मुरूम. हा मुरूम मला फार मोलाचा वाटला. नुसती खोल काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. मुरमातून ते पाणी खाली निघून जातं.

काळ्या मातीचं आणखी एक. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि एप्रिलात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीला खेटून लावलेलं झाड पायाखालची ओल ओढून घेतं, मातीचं हे फुगणं-आकसणं आणखी वाढवतं आणि जुन्या लोड-बेअरिंग घराच्या भिंतीला तडे जातात. लोक दोष मुळांच्या ताकदीला देतात, पण पुष्कळदा मूळ भिंतीला शिवलेलंही नसतं. म्हणून १५ फुटांच्या आत झाड नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

कोणती झाडं समोर आली

काकांनी जवळच्या नर्सरीतून तीन नावं आणली होती: कोनोकार्पस, सप्तपर्णी आणि पुन्हा गुलमोहर. कोनोकार्पस झपाट्याने हिरवी भिंत उभी करतं, पण त्याला रंग नाही, पाखरांना खायला काही नाही, आणि गुजरात सरकारने तर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. सप्तपर्णीची सावली चांगली, पान बारमाही हिरवं. दिवाळीच्या सुमारास तिचा रात्रीचा वास मात्र बंद खिडकीतूनही आत येतो आणि काकूंना मायग्रेनचा त्रास. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आणि मार्च-एप्रिलात, ऐन परीक्षेच्या तोंडावर, तो उघडा असतो. लाल पानांचा युफोर्बियाही कुणीतरी सुचवला होता. रंग वर्षभर, पण ते झुडूप, सावली नाही, आणि त्याचा चीक डोळ्यांत गेला तर मोठा त्रास होतो.

पळस, मोह, धावडा ही आपल्या रानातली रंगाची झाडं. धावड्याचं पान गळण्यापूर्वी सुंदर तांबडं होतं, मोहाची कोवळी पालवी तांब्यासारखी लकाकते. पण मोह आणि पळस फुलतात तेव्हा निष्पर्ण असतात आणि धावडा अंगणात फार सावकाश वाढतो. कडुनिंब मार्चमध्ये पिवळा होऊन गळतो, लगेच तांबूस पालवी काढतो आणि एप्रिलात भरून जातो. नागपूरच्या उन्हाला तो अजिबात जुमानत नाही. करंजाची गोष्टही तशीच, त्याची नवी पालवी पोपटी आणि चकचकीत. फक्त सावली हवी असती तर मी डोळे मिटून करंज सांगितला असता, आणि आजही पश्चिमेच्या घरांना सांगते.

खरा विचार झाला तो देशी बदामाचा. मेपलच्या सगळ्यात जवळ जाणारा रंग नागपुरात याचाच. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची तळहाताहून मोठी पानं एकेक करून पिवळी, मग केशरी, मग गडद किरमिजी होतात. एकाच फांदीवर हिरवं, केशरी आणि लाल पान शेजारी शेजारी दिसतं. पान उचलून उन्हाकडे धरलं की शिरा पिवळ्या आणि मधला भाग माणकासारखा. थोडे दिवस उघडा राहून मार्चमध्ये तो नव्या पानांनी भरतो, म्हणजे माझ्या तारखांच्या परीक्षेतही पास. झपाट्याने वाढतो. काकूंनी तर जवळजवळ ठरवलंच होतं.

मी त्यांना थांबवलं ते तीन कारणांसाठी. बदामाच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरतात. २२ फुटांच्या अंगणात एक टोक गच्चीवर आणि दुसरं तारांवर जाणार, आणि दरवर्षी फांद्या छाटून त्याचा तो देखणा आकार बिघडणार. दुसरं, ती मोठी पानं गच्चीच्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर चपखल बसतात. पावसाळ्यातही तो थोडी पानं टाकतो, तेव्हा एका रात्रीत गच्चीचं तळं होतं. सत्तरीकडे झुकलेल्या दोघांनी गच्चीवर चढून पानं काढायची, हे मला योग्य वाटेना. तिसरं, फळांवर वटवाघळं येतात आणि अर्धवट खाल्लेली फळं रात्रभर खाली टाकतात, खाली गाडी उभी असते. मोठ्या मैदानात, शाळेच्या आवारात, मंदिरासमोर बदामासारखं झाड नाही. इथे जागा त्याची नव्हती.

आणि नको झालेलं झाड नंतर सहज काढताही येत नाही. राज्याच्या १९७५ च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्षात गणलं जातं. कायदा योग्यच आहे. म्हणून तर झाडाची निवड लावण्याआधी पुरती व्हायला हवी.

कुसुम

उरलं कुसुम. कोशिंब असंही म्हणतात. नर्सरीवाल्याने नाव ऐकून "ते जंगलातलं आहे" म्हणून विषय संपवला. माझ्या मते त्याची हीच पहिली पात्रता. नागपूरचा उन्हाळा ज्या झाडाने हजारो वर्षं सोसला आहे, त्याला अंगणात जगवायला वेगळी कसरत लागत नाही.

फोटो दाखवून काकूंचं समाधान होणार नव्हतं. म्हणून होळीनंतर त्या दोघांना घेऊन मी पेंचच्या जंगलाच्या बाजूला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाची नागडी खोडं, जमिनीवर कुरकुरीत पानांचा थर, पळसाची फुलं उतरणीला लागलेली. एका कोरड्या ओढ्याच्या काठावर कुसुम उभं होतं आणि ते बुंध्याच्या वरपासून शेंड्यापर्यंत लाल होतं. फुलांनी नव्हे, पानांनी. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. काकूंनी खालची फांदी ओढून पान हातात घेतलं. नवं पान देठापासून लोंबत असतं, ओल्या फडक्यासारखं मऊ आणि ढिलं, दोन-तीन जोड्या पर्णिका, टोकाची जोडी सगळ्यात मोठी. उन्हाकडे धरलं तर आरपार रक्तवर्णी. त्याच झाडाच्या दक्षिणेकडच्या फांदीवर आठवडाभर आधी आलेली पानं तांबूस होऊन ताठ व्हायला लागली होती, आणि आतल्या बाजूला फिकट हिरवा रंग चढत होता. झाडाखाली गर्द सावली. आजूबाजूच्या सगळ्या रानात सावली होती ती तेवढीच.

मी त्यांना तिथेच सांगितलं की वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात मेपल आणि कुसुम एकाच कुळात मोडतात. रिठा आणि लिचीही त्याच कुळातले. मेपलचं पूर्वी वेगळं कूळ मानत, ते आता यात मिळवलं आहे. काका खूश झाले. "म्हणजे सोयरीकच आहे," म्हणाले. काकूंनी मात्र विचारलं, "याचा लाल किती दिवस टिकतो?" दोन-तीन आठवडे, मी म्हटलं, आणि मिशिगनचाही ऐन भरातला लाल त्याहून फार जास्त टिकत नाही.

कुसुमाच्या अडचणी मी लपवल्या नाहीत. पहिली काही वर्षं ते हळू वाढतं. जंगलात ते मोठं होतं, अंगणात त्याला लहानपणापासून वळण द्यावं लागतं. त्याला खोल जाणारं सोटमूळ असतं, त्यामुळे पिशवीत वर्षानुवर्षं अडकलेलं मोठं रोप घेण्यात अर्थ नाही, मूळ वेटोळं झालेलं असतं. आमचा नेहमीचा माळी हे सगळं ऐकून वैतागला होता. "ताई, काकूंना आत्ता सावली पाहिजे, अन् तुम्ही दहा वर्षांचं झाड सांगून राहिल्या." त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचं उत्तर झाडात नव्हतं.

शेवटी काय केलं

गेटच्या उत्तरेला, भिंतीपासून १५ फुटांवर, बैठकीच्या मध्यापासून चार फूट उत्तरेकडे सरकवून कुसुम. गेटच्या दक्षिणेला, गडर लाइनपासून दहा फूट सोडून, तामण. तामण हे आपलं राज्यफूल. त्याची पानं थंडीत जाता जाता तांबडी होतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उघडं असतं आणि एप्रिलपासून जांभळे तुरे येतात. त्याला पाणी कुसुमापेक्षा जास्त लागतं आणि मार्चमध्ये त्याची सावली नसते, पण त्या कोपऱ्यात हिवाळ्याचं ऊन हवंच होतं. अशा रीतीने काकूंना जाणाऱ्या पानाचा लालही मिळाला आणि येणाऱ्या पानाचाही.

माळ्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मधुमालती. पश्चिमेच्या भिंतीपासून तीन फूट पुढे लोखंडी पाइपांचा साधा मांडव उभा केला आणि त्याच्या दोन टोकांना वेल लावला. हा वेल उन्हाळ्यात दाट असतो. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतात. भिंत आणि वेल यांच्यात हवा खेळती राहते, त्यामुळे वेलाचा ओलावा भिंतीत जात नाही. कुसुम मोठं होईपर्यंतचं काम मांडवाचं, पुढे हवा असेल तर ठेवावा, नाहीतर काढावा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

लागवड जुलैत, दोन-चार चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजल्यावर केली. खड्डा तीन बाय तीन बाय तीन, तळाचा मुरूम पहारेने फोडून मोकळा केला. भरताना तीच माती, कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड. रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जरा उंचावर बसवलं, नाहीतर काळ्या मातीत बुंध्याशी पाणी तुंबतं. रोप कमरेइतकंच घेतलं होतं. काकांना ते फार लहान वाटलं. दिवाळीपर्यंत कुसुम जिथल्या तिथे होतं, कारण त्या काळात त्याचं मूळ खाली जात होतं.

पहिल्या दोन उन्हाळ्यांचं वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलं. रोज थोडं थोडं पाणी नको. तीन-चार दिवसांआड, पण बादलीने मोजून, आळं दोनदा भरेल एवढं. थोड्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि वरची माती तापली की झाड कोमेजतं. आळ्यात वाळलेल्या पानांचा चार बोटं जाड थर, बुंध्याला न टेकवता. खोडाच्या पश्चिमेच्या अंगाला मार्च ते जून गोणपाट बांधायचं, कोवळी साल दुपारच्या उन्हाने फाटते. आळं दरवर्षी फूटभर बाहेर सरकवायचं.

नंतरची वर्षं

पहिल्या मेमध्ये तामणाच्या पानांच्या कडा जळल्या, पावसाने ते पुन्हा भरलं. कुसुमाने जुनी पानं सोडली आणि दुसऱ्याच चैत्रात त्याच्या मोजक्या फांद्यांवर लाल पालवी आली, मूठभर. काकूंनी मुलीला व्हिडिओ पाठवला. मधुमालतीने दुसऱ्या पावसाळ्यानंतर मांडव झाकला आणि त्या उन्हाळ्यात बैठकीची भिंत संध्याकाळी हात ठेवता येईल इतपत राहू लागली. कूलर अजून लागतो, नागपुरात तो लागणारच, पण रात्री बाराला बंद करता येतो.

तामणाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात आली, ती इतरांच्याही उपयोगाची आहे. काकांनी सोयीसाठी ठिबक बसवलं आणि ते हिवाळाभर चालू ठेवलं. त्या वर्षी तामण फेब्रुवारीपर्यंत हिरवंच राहिलं आणि मग पानं नुसती तपकिरी होऊन पडली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरपासून पाणी कमी करत नेलं, तर जानेवारीत झाड तांबूस-लाल झालं. ओल कायम राहिली की झाडाला पानं उतरवायची घाई नसते. कुसुमाच्या लाल पालवीत मात्र पाण्याने फरक पडलेला दिसला नाही.

आज पाचव्या वर्षी कुसुम पोर्चच्या स्लॅबच्या वर गेलं आहे. चारच्या सुमाराला बैठकीच्या खिडकीवर त्याची सावली येते, भिंतीच्या वरच्या भागावर अजून येत नाही, तिथे मांडवच काम करतो. यंदापासून खालच्या फांद्या काढायला सुरुवात करायची आहे, वर्षाला एक किंवा दोन, पालवी पिकून हिरवी झाल्यावर आणि पावसाच्या आधी, आठ फूट खोड मोकळं होईपर्यंत. रस्त्याच्या बाजूची एक फांदी उगाच लांब सुटली आहे, ती यंदाच मागे घ्यावी लागेल. कंपाउंडची भिंत सात फुटांवर आहे. पुढे ती नव्याने बांधायची वेळ आली तर त्या जागी सलग पाया न घेता दोन बाजूंना खांब आणि वर आडवी बीम घ्यावी, असं काकांना लिहून दिलं आहे.

लेआउटमधल्या आणखी दोन घरांनी कुसुमाची चौकशी केली आहे. खासगी नर्सरीत ते क्वचित मिळतं. वन विभागाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर विचारावं, किंवा जून-जुलैत पिकलेली फळं मिळाली तर आंबट गर काढून बी ताजं असतानाच लांब पिशवीत पेरावं आणि रोप पुढच्या पावसाळ्यातच जमिनीत लावावं, पिशवीत दुसरं वर्ष काढू देऊ नये.